डाव्या हाताला काय?

कुणाचं घर उघडून द्यायचं असलं की तो आधी एक प्रश्न विचारायचा. "दार उघडल्यावर डाव्या हाताला काय आहे?"

किल्ली हरवलेलं गिऱ्हाईक घामाघूम होऊन दारात उभं असतं. आत गॅसवर दूध राहिलेलं असतं, शेजारचे आपापल्या दारांतून सल्ले देत असतात, आणि हा गृहस्थ हत्यारांची पिशवी खाली ठेवून, बंद दाराकडे पाठ करून, परीक्षकासारखा चेहरा करून हे विचारणार. निम्मे लोक चिडायचे, पण उत्तर द्यायचे. चपलांचं कपाट. सासऱ्यांचा फोटो. मुलीची सायकल, हवा नसलेली. एका साहेबांना दहा वर्षं त्या घरात राहूनही डाव्या हाताला काय आहे ते आठवेना. त्यांनी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "का? आज घरी यायचा विचार आहे का?"

उत्तर आलं की तो मान डोलवायचा, दोन मिनिटांत कुलूप काढायचा, दार वीतभर ढकलून डावीकडे एक नजर टाकायचा आणि बाजूला व्हायचा. उत्तर चुकलेलं असलं तर दार पुन्हा ओढून घ्यायचा. तीस वर्षांत असं दोनदा घडलं होतं. एकदा चोर निघाला आणि एकदा घटस्फोट झालेला नवरा.

गल्लीत त्याला सगळे 'फॉरेन' म्हणत. "फॉरेन, एक किल्ली काढून द्या." "फॉरेन आहेत का दुकानात?" खरं नाव फक्त विजेच्या बिलावर शिल्लक होतं. जिन्याखालचं त्याचं दुकान इतकं अरुंद, की आत वळायचं झालं तर आधी बाहेर यावं लागे. समोर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, फळीवर व्हाइस, कानशी, किल्ली काढायचं मशीन, आणि मागच्या खिळ्याला कातडी पाकिटात कुलपं उघडायच्या बारीक आकड्यांचा संच. तो संच फॉरेनचा होता, म्हणून तो माणूसही फॉरेनचा.

तेविसाव्या वर्षी तो परदेशात गेला होता. चार वर्षं राहिला. एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याकडे कामाला होता आणि डाव्या हाताचा प्रश्न त्या म्हाताऱ्याचाच. परत आल्यावर लोकांनी तिकडच्या गोष्टी विचारल्या आणि त्याने त्या पुरवल्या. रस्ते कसे धुतलेले, बस कशी मिनिटाला येते, दुकानदार कसे आभार मानतात. सगळं खरं होतं. डाव्या कानाने ऐकू का येत नाही, हेही विचारलं. "मशीनचा आवाज," तो म्हणाला. लोकांना पटलं. फॉरेनची मशीनं मोठी असणारच.

कानाची हकीकत एवढीच होती, की तिकडे तो कामगारांच्या वसतिगृहात सहाजणांच्या खोलीत राहायचा आणि एका रविवारी दुपारी गावातली पंचवीसेक माणसं जिना चढून वर आली. कुणा परदेशी माणसाने काहीतरी केलं होतं, किंवा म्हटलं होतं. काय, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तेवढी भाषा येत नव्हती. सहाही जणांनी आतून कुलूप लावलं आणि ते श्वास रोखून बसले. कुलूप चांगलं होतं, दार जाड होतं. धक्के मारूनही हललं नाही. मग धक्के थांबले, बाहेर कुणीतरी शांतपणे बोललं, आणि किल्ली फिरल्याचा आवाज आला. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने स्वतःच्या जुडग्यातली किल्ली लावून दार उघडलं होतं. उघडून तो बाजूला उभा राहिला, पाहुण्यांना आत जाऊ देताना उभं राहतात तसा.

त्याच्या कानावर खुर्चीचा पाय बसला. दवाखान्यातून परतल्यावर त्याने नोंदवहीत व्यवस्थापकाने लिहिलेला अहवाल पाहिला. तेवढं वाचण्याइतकी भाषा मात्र आली होती. "किरकोळ गडबड. दार सुस्थितीत."

म्हातारा कुलूपवाला त्याला भेटायला आला तेव्हा बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग हा आकड्यांचा संच उशाशी ठेवून गेला. म्हाताऱ्याच्या प्रश्नात मात्र एक खोट होती, ती त्याला तिथेच पडल्या पडल्या कळली. त्या व्यवस्थापकाला विचारलं असतं, की डाव्या हाताला काय, तर त्याने धडाधड सांगितलं असतं. कोटांसाठी सहा खुंट्या. त्यानेच बसवल्या होत्या. म्हणजे माणसाने घर पाहिलंय एवढंच प्रश्नातून कळतं, घरात शिरून तो काय करणार ते कळत नाही. यावर दुसरा प्रश्न काय विचारावा, ते मात्र त्याला सुचलं नाही. मग तो पहिलाच विचारत राहिला.

ही हकीकत त्याने इकडे कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. फॉरेनला जाऊन मार खाऊन आला म्हटल्यावर संचाची किंमत राहिली नसती, आणि संचाशिवाय त्याच्याकडे होतं काय?

त्याच्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची, मागच्या गल्लीत दोनमजली इमारत होती. वडिलांकडून आलेली. मेहुणा माणूस वाईट नव्हता. लोकांच्या अडीअडचणीला धावायचा आणि धावल्याचं वर्षभर सांगायचा. दीड वर्षापूर्वी त्याने वरची खोली तीन परदेशी माणसांना दिली. ते तिघे कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कामाला होते. इथल्या कुणाला दिवसभर वाफेत उभं राहायचं नव्हतं आणि त्यांना राहायचं होतं, एवढ्यावर सगळ्यांचं जमलं होतं. गल्लीने त्यांना नावं ठेवली नव्हती, खुणा ठेवल्या होत्या. एक लांब्या, एक ठेंगू आणि तिसरा तिसरा.

खोलीला कुलूप बसवायला तो स्वतः गेला होता. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं, आतून बंद करता येणारं. किल्ली एकच, ती भाडेकरूंकडे. मेहुणा म्हणाला होता, "साधं बसवा की, दाजी. त्यांच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?" त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या बाबतीत बहिऱ्या कानाचा उपयोग होतो.

काम चालू असताना लांब्या शेजारी उकिडवा बसून भाषेचा सराव करत होता. त्याच्याकडे शब्दांचं एक पातळसं पुस्तक होतं.

"मी कपड्यांना इस्त्री करतो," लांब्या म्हणाला.

"करतो नको म्हणू. मारतो म्हण. इस्त्री मारतो."

"मारतो?" लांब्या दचकला. त्याने हवेत बुक्की मारून दाखवली. "हे मारतो?"

"ते वेगळं. तू 'करतो' म्हणालास की पुस्तकातून पडल्यासारखा वाटतोस. 'मारतो' म्हणालास की इथला वाटशील."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आपल्या भाषेत माणूस दिवसभर काही ना काही मारतच असतो. गप्पा मारतो, चक्कर मारतो, शिट्टी मारतो, हाका मारतो, थापा मारतो, मिठीसुद्धा मारतो. त्यात कुणाला इजा होत नाही, कारण काय मारतोय ते आधी सांगितलेलं असतं.

कुलूप बसल्यावर त्याने गमतीने लांब्याला बाहेर उभं करून दार ओढून घेतलं आणि विचारलं, "डाव्या हाताला काय?" लांब्याला प्रश्न दोनदा समजावून सांगावा लागला. मग तो खूश झाला. "तीन खिळे! तीन शर्ट!" खरंच, दाराच्या डावीकडे भिंतीत तीन खिळे होते आणि त्यांवर हँगरला तीन पांढरे शर्ट, असे कडक इस्त्री केलेले, की आत माणसं असल्यासारखे. सुट्टीच्या दिवशी घालायचे. जाताना लांब्या जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "प्रश्न चांगला. मी पण ठेवतो."

पुढे दीडेक वर्ष काही झालं नाही. मग एका गुरुवारी सकाळी कोपऱ्यावरच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष लाँड्रीत गेले. मंडळाचे सामने होते आणि तीस खेळाडूंचे नवे शर्ट इस्त्रीला टाकलेले होते. अध्यक्ष घाईत होते. अध्यक्ष नेहमीच घाईत असत.

"काय रे, आमच्या पोरांचं काय?" त्यांनी विचारलं.

लांब्या हसला. हातात तापलेली इस्त्री होती. "उद्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी सगळ्यांना मारतो."

"काय?"

गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाहीये असं पाहून लांब्याने भर घातली. "सगळ्यांना. एकाला पण सोडत नाही."

अध्यक्ष तडक बाहेर पडले. दहा वाजता ही बातमी मंडळात होती, बारा वाजता बाजारात. दोन वाजेपर्यंत धमकी देणारे एकाचे तीस झाले होते, कारण तीस हा आकडा मूळ संभाषणात कुठेतरी होताच. अडीचला मंडळाची पोरं लाँड्रीत शिरली. लांब्या आणि तिसरा जेवायच्या सुट्टीत खोलीवर गेले होते. ठेंगू सापडला. त्याला तिथेच फरशीवर घेतलं. त्याचा जबडा आणि उजव्या हाताची दोन बोटं मोडली. मारताना सगळ्यांनी नुसतं मारलं. 'मारलं'च्या आधी एखादा शब्द लावायची कुणाला गरज पडली नाही.

तीन वाजता मेहुणा जिन्याखालच्या दुकानासमोर उभा होता.

"दाजी, पिशवी घ्या. चला."

"कुठे?"

"माझ्या इमारतीत. त्या लांब्याने धमकी दिलीय. उद्या सकाळी सगळ्यांना मारतो म्हणाला, भर दुकानात. ठेंगूचं झालंय. दोघे राहिलेत. आत असले तर ते सापडतील, नसले तर सामान तरी बाहेर काढू."

शब्द कुठून आला हे त्याला कळायला वेळ लागला नाही. तो त्याच्याच तोंडून गेलेला होता.

"अरे, इस्त्री," तो म्हणाला.

"काय इस्त्री?"

"इस्त्री मारतो म्हणाला असेल. शर्टांना. इस्त्री म्हणायचं राहिलं असेल त्याचं."

मेहुण्याने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दाजी, तुम्हाला नेहमी वेगळंच ऐकू येतं. एकदा कान दाखवून या बरं."

इमारतीच्या जिन्यात चाळीसेक माणसं होती. बहुतेकांना तो नावाने ओळखत होता आणि निम्म्यांची घरं त्याने कधी ना कधी उघडून दिलेली होती. एकजण शेंगदाणे खात होता. एकाच्या बाहीवर रक्त होतं आणि तो ते थुंकी लावून पुसत होता. वरच्या पायरीवर अध्यक्ष होते. त्याने त्यांनाही सांगून पाहिलं.

"अध्यक्ष, तुम्ही शर्ट टाकले होते ना इस्त्रीला?"

"टाकले होते. त्याचा काय संबंध?"

"त्याबद्दलच बोलत असेल तो."

"फॉरेन, मी स्वतः ऐकलंय. आणि बोलताना त्याच्या हातात इस्त्री होती. तापलेली!" अध्यक्षांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. "म्हणजे हत्यारासकट तयारीत होता." जिन्यातून संमतीचा हुंकार आला.

"मग फोडू की दार," बाहीवाला म्हणाला.

"खबरदार!" मेहुणा आडवा झाला. "दाराला कुणी हात लावायचा नाही. वडिलांनी स्वतः उभं राहून करून घेतलंय. असं लाकूड आता मिळत नाही. दाजी आहेत ना आपले, दोन मिनिटांत उघडतील. ओरखडासुद्धा यायचा नाही."

हे सगळ्यांना पटलं. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करणारी ती माणसं नव्हती. वाट करून देण्यात आली. त्याने पिशवी खाली ठेवली, दाराकडे पाठ केली आणि तोंडातून आपोआप प्रश्न गेला. "दार उघडल्यावर डाव्या हाताला काय आहे?"

जिना हसायला लागला.

"दाजी, अहो घर माझं आहे!"

"ते माहीत आहे. डाव्या हाताला काय?"

"भिंत आहे! काय असणार? माझी भिंत!"

"बरोबर की," शेंगदाणेवाला म्हणाला. "भिंतच असणार."

उत्तर चूक म्हणता येईना. तो वळला, गुडघ्यावर बसला आणि कातडी पाकीट उघडलं. मागे चाळीस माणसं श्वास धरून उभी होती. त्याचं काम बघायला लोकांना आवडायचं.

आकडी आत सरकवली. कुलपातली पहिली खुंटी उचलली, दुसरी उचलली. तिसरीच्या पलीकडे आकडी कशाला तरी टेकली. कुलूप त्यानेच बसवलेलं होतं. तिथे काही असायला नको होतं. पलीकडच्या बाजूने घातलेल्या किल्लीचं टोक होतं ते. त्याने हलकेच दाबलं. टोक किंचित मागे गेलं आणि पुन्हा पुढे आलं.

कुणीतरी ती किल्ली हाताने धरून उभं होतं.

तो तसाच बसून राहिला. चांगला कान दाराकडे होता. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. सहाजण श्वास रोखून बसतात तेव्हाही काही ऐकू येत नाही, हे त्याला माहीत होतं, पण ते आतल्या बाजूने. बाहेरून कसं वाटतं ते आज कळलं. विशेष काही वाटत नाही. काम अर्धं झालेलं असतं, गुडघे दुखत असतात, मागची माणसं वाट बघत असतात, आणि दोन खुंट्या राहिलेल्या असतात. किल्ली उलटी दाबून सरकवायची युक्तीही त्याला येत होती. म्हाताऱ्याने शिकवलेली.

"होतंय का, दाजी?"

"होतंय."

त्याने आकडी तिसऱ्या आणि चौथ्या खुंटीच्या मधोमध नेली, आडवी केली आणि मनगटाला झटका दिला. पोलादाचा बारीक आवाज झाला. तुकडा आत राहिला, मूठ हातात आली. तीस वर्षांत त्या संचातली एकही आकडी मोडलेली नव्हती.

"उघडत नाही," तो उठत म्हणाला.

"म्हणजे?" मेहुणा म्हणाला.

"म्हणजे बंद राहणार. आकडी मोडली आत. आता किल्लीनेही उघडायचं नाही."

"तुम्हाला उघडत नाही?"

"नाही."

जिन्यात आधी कुणाचा विश्वास बसेना. मग शेंगदाणेवाल्याला सुचलं. "फॉरेनला फॉरेनचं कुलूप उघडेना!" तो ओरडला आणि हशा पिकला. "तीस वर्षं थापा मारल्या की हो आम्हाला!" "तिकडे कुलपं पुसायच्या कामाला असतील!" बाहीवाल्याने त्याची पिशवी पायाने ढकलली आणि ती चार पायऱ्या गडगडत गेली. तो वाकून एकेक हत्यार गोळा करत होता तेव्हा मेहुणा कानाशी येऊन म्हणाला, "अब्रू घालवलीत माझी, दाजी." कान डावा होता. त्याला अंदाजानेच समजलं.

हसल्यामुळे माणसं जरा सैल झाली. दार फोडायचं नव्हतं, उघडत नव्हतं, आणि चहाची वेळ झाली होती. जाता जाता त्यांनी लाँड्रीची काच फोडली आणि आतले कपडे रस्त्यावर फेकले. त्यात तीस शर्ट होते. ते आपलेच आहेत हे लक्षात आल्यावर पोरांनी वेचून झटकून नेले. सामन्यांना ते तसेच चुरगळलेले घालावे लागले.

दुकानाचं फळकूट लावताना त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की तुकडा मधोमध अडकलाय. आतली किल्लीही फिरायची नाही. खिडकीला गज होते. चाळीस माणसांना त्याने बाहेर ठेवलं होतं हे खरं, पण दोघांना त्याने आत कोंडलंही होतं.

जेवताना बायकोने वाढता वाढता विचारलं, "काय हो, खरंच उघडेना?"

"उघडेना."

"माझ्या भावाचा तीनदा फोन येऊन गेला. म्हणतो, दाजींचा हात गेला."

"गेला असेल."

"तीस वर्षं संसार केलाय तुमच्याबरोबर. मला नका सांगू." तिने भांडं खाली ठेवलं. "आत होते ना ते?"

त्याने मान खाली घालून जेवण चालू ठेवलं. तोंडाला कुलूप लावायचीही त्याला सवय होती.

"आणि तुमचा कान मशीनने गेलेला नाही, हेही मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. झोपेत बोलता."

"कुठल्या भाषेत?"

"दोन्ही. एक मला येते." तिने आमटी वाढली. "त्यात म्हणता, किल्लीने उघडू नका, किल्लीने उघडू नका. आधी मला वाटायचं धंद्याचं टेन्शन आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता अध्यक्ष, मेहुणा आणि मंडळाची पोरं पोलीस ठाण्यावर निवेदन द्यायला गेली. परदेशी लोकांपासून गल्लीला धोका असल्याबद्दलचं. तो दुकान बंद करून निघाला. पिशवीत ड्रिल, नवं कुलूप आणि बायकोने दिलेला डबा होता. डबा चार कप्प्यांचा होता. "एकट्याला एवढा?" त्याने विचारलं होतं. "तुम्हाला हल्ली भूक लागते," ती म्हणाली होती.

जिन्यात शेंगदाण्यांची टरफलं तशीच पडली होती. त्याने दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"मी आहे. कुलूपवाला."

आत शांतता.

"कालचा तुकडा काढायला आलोय. मीच मोडला होता. मुद्दाम."

त्याला वाटलं, आपण आत असतो तर या वाक्यावर विश्वास ठेवला असता का? नसता ठेवला. व्यवस्थापकही शांतपणेच बोलला होता.

मग दाराच्या अगदी जवळून कोरडा पडलेला आवाज आला. "डाव्या हाताला काय?"

तो पाठ न वळवता उभा राहिला. आजवर हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. आपल्या घरात डाव्या हाताला काय आहे हेही त्याला पटकन सांगता आलं नसतं.

"तीन खिळे," तो म्हणाला.

"आणि?"

"तीन शर्ट. पांढरे. इस्त्री..." तो जरा अडखळला. "इस्त्री केलेले."

आत दोघे आपल्या भाषेत काहीतरी बोलले. मग कपाट सरकवल्याचा आवाज आला.

ड्रिलने कुलपाचा जीव घ्यायला दहा मिनिटं लागली. दार उघडलं तेव्हा दोघे भिंतीला चिकटून उभे होते. लांब्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर किल्लीचा वळ निळा पडला होता. दोघे आधी पाणी प्यायले, मग त्यांनी उभ्याउभ्या डबा संपवला. ठेंगू कुठल्या दवाखान्यात आहे ते त्याने सांगितलं. बायको सकाळीच तिथे जाऊन आली होती. ठेंगूला बोलता येत नव्हतं, पण बघता येत होतं.

"मी काय चूक बोललो?" लांब्याने विचारलं.

"तू नाही. मी चूक शिकवलं."

लांब्याने थोडा विचार केला. "पुस्तकात 'करतो' होतं," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. तो फक्त नोंद करत होता.

दोघांनी दोन पिशव्या भरल्या. शेवटी लांब्याने खिळ्यांवरचे तिन्ही शर्ट काढले, घडी पडू नये म्हणून हातावर आडवे घेतले आणि ते जिना उतरून गेले. ठेंगूला घेऊन ते कुठे गेले ते त्याला कळलं नाही. त्याने विचारलंही नव्हतं. माहीतच नसलं की कुणी विचारलं तरी सांगावं लागत नाही.

त्याने नवं कुलूप बसवलं, भुसा फुंकला, लाकडाला तेलाचा बोळा फिरवला आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी मेहुणा दुकानावर आला. चेहरा खुललेला होता.

"दाजी, मानलं बुवा तुम्हाला. जाऊन उघडलंत ना शेवटी? मला म्हणालाही नाहीत!"

"कालचं काम राहिलं होतं."

"आत कुणीच नाही. पळाले. कालच पळाले असणार. पण दार म्हणजे, काय सांगू! एक ओरखडा नाही." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "एकच केलंय लेकाच्यांनी. आत शिरल्यावर डाव्या हाताला माझ्या भिंतीत तीन खिळे ठोकलेत. मोठे मोठे. भोकं बुजवायला लागणार आता मला."

तो हातातली किल्ली कानशीवर घासत राहिला. म्हणजे आता मेहुण्यालाही उत्तर येत होतं. यापुढे कुणी विचारलं असतं तर त्याने बरोबर सांगितलं असतं.

गल्लीने त्याला त्यानंतर फॉरेन म्हणायचं हळूहळू सोडलं. काही दिवस 'आकडीमोड' चाललं, मग तेही मागे पडलं आणि नुसता कुलूपवाला राहिला. पुढच्या चौकात एकाने नवं दुकान काढलं, तिकडे निम्मी गिऱ्हाइकं गेली. कातडी पाकिटात एक कप्पा रिकामा आहे. तशी आकडी इकडे मिळत नाही, आणि त्याने शोधलीही नाही.

घर उघडायला अजून त्याला बोलावतात. डाव्या हाताचा प्रश्न त्याने बंद केला. आता तो पिशवी खाली ठेवतो आणि विचारतो, "आत कोण आहे?"

"आत कोण असणार?" गिऱ्हाईक वैतागून म्हणतं. "आत कुणी असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

तो मान डोलवतो. मग गुडघ्यावर बसून चांगला कान दाराला लावतो आणि बराच वेळ तसाच राहतो. लोक घड्याळं बघतात, पण मध्ये बोलत नाहीत. त्यांना वाटतं, ही फॉरेनची पद्धत असेल.